चूल, उकिरडा आणि आपले पठार

आमची मुलगी कॉलेजात जाते. तिला इतर विषयांबरोबर पर्यावरणशास्त्र हाही एक विषय आहे. तो तिने आवडीने घेतलेला नाही, सर्वांनाच घ्यावा लागतो. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज केला होता. त्यावर १९९१ साली न्यायालयाने निकाल दिला की, शाळा-कॉलेजांतून हा विषय सर्वांना शिकवावा. म्हणून आज ते पुस्तक आमच्या घरी आले आहे, आणि दुपारची भांडी आटोपली की मी ते चाळीत बसते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण पुस्तक मराठीत आहे आणि फारसे अवघड नाही.

त्यात आरंभी एक धडा परिसंस्थेचा आहे. गवत उन्हावर वाढते, गुरे गवत खातात, त्यांचे शेण आणि झाडांचा पाचोळा जमिनीतले जंतू कुजवितात, आणि त्यातले सत्त्व पुन्हा गवताला मिळते. पुढे पुष्कळ पाने उलटल्यावर ऊर्जेच्या साधनांचा धडा येतो. त्यात कोळसा, तेल, धरणाची वीज, अणुशक्ती, वारा, ऊन हे सारे सविस्तर दिले आहे. लाकूड आणि गोवरी यांची बोळवण मात्र एका ओळीत केलेली आहे.

मला नवल वाटले ते या दोन धड्यांमधल्या अंतराचे. आपल्या घरी हे दोन्ही धडे एकाच पाटीत असतात. गोठा झाडून शेणाची पाटी डोक्यावर घेतली की बाईला रोज सकाळी एक निर्णय करावा लागतो: ही उकिरड्यावर टाकायची की गोवऱ्या थापायच्या? उकिरड्यावर गेली तर शेत जेवेल. भिंतीवर गेली तर आपण जेवू. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिहा, असे मला सांगण्यात आले तेव्हा गडकिल्ले आणि राजेराण्या सोडून मी या पाटीचाच इतिहास लिहायचे ठरविले. तो आजवर कोणी लिहिला असला तरी माझ्या वाचनात नाही.

आपल्या आणे पठाराची ठेवण सर्वांना ठाऊक आहेच. जुन्नर तालुका एकच. पण पश्चिमेला नाणेघाटाच्या अंगाला पाऊस शंभर इंचांच्या वर कोसळतो, आणि पूर्वेला आपल्या आणे, नळवणे, पेमदऱ्याकडे येईतो ढग रिकामे झालेले असतात. वीस इंच झाला तर आपण देवाला नारळ फोडतो. तिकडे हिरडा, जांभूळ आणि अंगावर येणारी हिरवी झाडी. इकडे बाभूळ, बोर, हिवर आणि कुसळी गवत. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली. त्यांतल्या डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गाव बुडाले. त्या पाण्याचे कालवे खालच्या शिवारांतून दूर नगर-सोलापूरकडे गेले. पठार उंच, त्याच्या नशिबी कालवा आला नाही. तेव्हा आपल्याकडे झाड सावकाश वाढते आणि लवकर संपते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

या मुलखात गुरे मात्र फार जुन्या काळापासून आहेत. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्याला दोन हजार वर्षे झाली. राजाराणीने कोणकोणते यज्ञ केले आणि काय दक्षिणा दिली त्याची मोठी यादीच त्यात आहे. हत्ती आहेत, घोडे आहेत, नाणी आहेत, पण पुन्हा पुन्हा येतात त्या गाई, आणि त्याही हजारांनी. पंडित मंडळी त्यातून राज्याचे वैभव काढतात. मी गोठा काढणारी बाई. माझ्या मनात आले की एवढ्या गाईंचे शेण कोणी काढले असेल, आणि त्याचे काय केले असेल? शिलालेखात ते नाही. असो.

जोवर रानात जाण्यायेण्याला मज्जाव नव्हता तोवर लाकूड आणि शेण यांची वाटणी निभत होती, असे दिसते. वाळके लाकूड रानातून यायचे, पडीत जमिनीत आणि डोंगरावर गुरे चरायची, आणि त्यांच्या शेणातून डोंगरावरच्या गवताचे सत्त्व गावच्या शेतात उतरायचे. धनगर मेंढ्यांचा वाडा शेतात बसवीत. रात्रभर मेंढ्या बसल्या की रान खतावून निघे, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देई. आजही आपल्याकडे मेंढ्या बसवितात, हे सांगायला नको.

यात मोठी खीळ बसली ती इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी. पहिला कायदा १८६५ साली झाला आणि त्याहून कडक दुसरा १८७८ साली. आगगाडीच्या रुळांखाली लाकडाची कडी लागत होती, गलबतांना आणि इमारतींना लाकूड हवे होते. म्हणून रानांना हद्दी घातल्या गेल्या. त्या हद्दीत चराई आणि सरपण हा गावाचा चालत आलेला हक्क उरला नाही, साहेबाची मेहेरबानी झाली. एका दृष्टीने पाहिले तर त्या हद्दींमुळेच काही रान वाचले असेल, तेही नाकारून चालणार नाही. पण ज्या बाईला रोज चूल पेटवायची तिचे काय करायचे, याचा विचार त्या कायद्यात नव्हता.

हा विचार आपल्या मराठीत पहिल्याने कोणी केला असेल तर तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांशी त्यांचा आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाचा जवळचा संबंध होता, हे जाणत्यांना माहीत आहेच. त्या पुस्तकात जंगलखात्याने गुरांची चराई बंद केली, त्यामुळे शेतकऱ्यांची जनावरे कशी खंगली, ते त्यांनी चिडून लिहिले आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली आहे, ती वाचून मी थांबलेच. पावसाळ्यात डोंगरावरचा पालापाचोळा, कुजलेली पाने, मेलेल्या प्राण्यांचे अवशेष यांचे सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. ते ओढ्यानाल्यांतून वाया जाऊ न देता जागोजाग बांध घालून शेतात जिरवावे, आणि त्या कामाला सरकारने आपली फौज आणि पोलीस लावावेत, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मुलीच्या पुस्तकातला पहिला धडा हाच नव्हे काय?

त्या विद्येला इंग्रजीत इकॉलॉजी म्हणतात. हा शब्द १८६६ साली जर्मनीतल्या हेकेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने बनविला. त्यातल्या पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘घर’. मुलीने हे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मग त्यात नवीन काय शिकवत्यात?”

फुल्यांच्या नंतर थोड्याच वर्षांनी एक इंग्रज पंडित याच प्रश्नापाशी येऊन पोहोचला. डॉक्टर व्होल्कर हा शेतीचा रसायनशास्त्रज्ञ. सरकारने त्याला हिंदुस्थानची शेती सुधारण्याचे उपाय सुचवायला बोलाविले. तो १८८९ च्या अखेरीस आला, वर्षाहून अधिक काळ देशभर फिरला, आणि १८९३ साली त्याचा अहवाल छापून निघाला. तोवर साहेब लोकांत असे बोलण्याची चाल होती की, इथला शेतकरी अडाणी, खत जाळून खातो. व्होल्करने फिरून पाहिले आणि उलट लिहिले. शेतकऱ्याला खताची किंमत पुरती कळते. जिथे जळण मिळते तिथे तो शेण शेतात घालतो, आणि जिथे लाकूड मिळत नाही तिथेच नाइलाजाने जाळतो. म्हणून त्याने सरकारला सांगितले की, शेतीसाठी काही करायचे असेल तर गावाजवळ जळणाची आणि चाऱ्याची राने राखा, म्हणजे शेण आपोआप शेतात जाईल.

शेण जाळल्याने नेमके काय जाते, तेही सांगते. शेणात पिकाला लागणारे नत्र असते. गोवरी पेटली की ते नत्र धुराबरोबर हवेत जाते. मातीला भुसभुशीत करणारा, ओल धरणारा कुजका भागही जळून जातो. राखेत पालाश उरते. म्हणून राख परसात टाकली तर दोडक्या-भोपळ्याला थोडी मानवते, पण तिला शेणखताची सर येत नाही. आपल्यासारख्या मुरमाड पठारावर ओल धरणे हेच पिकाचे निम्मे आयुष्य. तेव्हा इथे जळालेली गोवरी खालच्या बागाईतातल्या गोवरीपेक्षा महाग पडते.

व्होल्करच्या सूचनेतले फारसे काही अमलात आले नाही. त्याने आणि फुल्यांनीही ‘शेतकरी’ म्हणून लिहिले. गोवरी थापणारे हात कोणाचे हे दोघांनाही दिसत असणारच, पण अहवालात हात येत नाहीत. मला वाटते, एखादी बाई त्या चौकशीला बसली असती तर पहिला प्रश्न तिने असा विचारला असता की, सरपणाला किती लांब जाता, आणि घरी यायला किती वेळ लागतो?

याचे उत्तर मला सासूबाईंकडून मिळाले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या नव्यानेच लग्न होऊन या घरात आल्या होत्या. त्या दुष्काळाची हकिगत आपण सर्वांनी घरोघर ऐकली आहे. खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांची कामे, सुकडी, आणि परदेशातून आलेला लाल मिलो. त्या कामांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि त्याचे नाव देशभर झाले. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती सासूबाईंनी सांगितली.

“धान्य सरकारनं दिलं गं,” त्या म्हणाल्या, “पण शिजवायचं कशावर?”

चारा संपला तशी गुरे बेल्ह्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेली. जी राहिली ती गोठ्यात उभी राहिनात. गुरे नाहीत तर शेण नाही, शेण नाही तर गोवरी नाही. बाजरीची सरमाडे जनावरांनाच पुरली नव्हती. दिवसभर खडी फोडून आल्यावर बायका अंधारात काटक्या शोधायला जात. आधी कुंपणाच्या काट्या गेल्या. मग मोडके औत गेले, गोठ्याच्या छपराचे वासे गेले. शेवटी बांधावरच्या बाभळी तोडून त्यांची मुळे खणून काढली. बाभूळ वरून तोडली तर फुटते. मूळ काढल्यावर काय फुटणार? पुढल्या साली पाऊस झाला तेव्हा ते बांध वाहून गेले. सासूबाई आमच्या खालच्या वावराकडे बोट दाखवून सांगतात, “इथं सात बाभळी व्हत्या.” आज तिथे घळ आहे. दुष्काळ एका वर्षाचा. त्या चुलीत जळाले ते मात्र पुढच्या पन्नास वर्षांचे.

सरपणाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रॉकेल फार आधीच आले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८५९ साली ड्रेकने तेलाची विहीर खणली, आणि पुढे काही वर्षांतच रॉकेलचे चौकोनी डबे आपल्या मुलखात पोहोचले. पण खेड्यात रॉकेल चिमणीत जळले. त्यावर दहा माणसांच्या भाकऱ्या करण्याची ऐपत कोणाची? विजेचेही तेच. पठारावर वीज आली, पिठाची गिरणी आली, मोटार आली. पण विजेवर भाकरी भाजणारे घर मी अजून पाहिलेले नाही.

धुराकडेही काही लोकांचे लक्ष गेले. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या मंडळींनी बिनधुराची ‘मगन चूल’ तयार केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या. माझ्या माहेरी तशी एक बसविली होती. दोन भांडी एकदम शिजत, आणि धूर सिमेंटच्या नळीवाटे बाहेर जाई. पण तिचे तोंड लहान. भाकरी तव्यावर भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढे उभी करावी लागते, तेव्हा ती फुगते. ते त्या चुलीत जमेना. आईने दोन महिने सोसले, आणि मग एके दिवशी कोयत्याने चुलीचे तोंड मोठे केले. त्यानंतर धूर पुन्हा घरात. चूल बसविणारे जे गृहस्थ आले होते त्यांनी आईला एवढेच विचारले असते की बाई, तुम्ही भाकरी कशी करता, तर बरे झाले असते.

धुराला आपण फार हसण्यावारी नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. सासूबाईंना सकाळी येणारी ढास आणि डोळ्यांची आग यांना आम्ही वर्षानुवर्षे ‘थंडीचा त्रास’ म्हणत आलो.

मला स्वतःला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे गोबरगॅस. शेण एकदाच, पण ते चुलीलाही मिळते आणि शेतालाही. बंद टाकीत शेण कुजते, त्यातून जळणारा वायू निघतो, आणि नत्र मागे राहिलेल्या रबडीत शाबूत राहते. ही युक्ती आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा गॅस केला होता. गोठ्यातल्या शेणावर चालणारे संयंत्र जशभाई पटेलांनी १९५० च्या सुमारास बनविले, आणि १९६२ पासून खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. व्होल्करला जे रान राखून साधायचे होते ते इथे टाकीत साधले.

माझे लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांनी आम्ही अनुदानावर दोन घनमीटरचे संयंत्र बांधले. निळ्या ज्योतीवर पहिला चहा केला त्या दिवशी मामंजींनी अर्धी वाडी बोलाविली होती. सहा-सात वर्षे ते उत्तम चालले, आणि त्या रबडीवर जी बाजरी आली तशी आमच्या वावरात पूर्वी आली नव्हती. पण त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि तितकेच पाणी. २०१२-१३ साली पुन्हा दुष्काळ पडला. गावात टँकर आला. माणशी हंडे मोजून मिळू लागले. पिण्याचे पाणी शेणात कोण कालविणार? दोन बैल आणि एक गाय विकली, टाकी कोरडी पडली, घुमटाला भेग गेली. दुरुस्तीसाठी मी एका कार्यालयात तीन वेळा गेले. नवीन बांधायला पैसे मिळतात, जुने दुरुस्त करायला मिळत नाहीत, असे उत्तर मिळाले. आज त्या टाकीत आम्ही कडबा ठेवतो.

मग सिलिंडर आला. मुंबईत गॅसच्या टाक्या १९५५ पासून मिळत होत्या. खेड्यातल्या गरीब घरांपर्यंत पोहोचायला १ मे २०१६ उजाडला, तेव्हा उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅसने बाईला काय दिले ते ज्याने कधी फुंकणी फुंकली नाही त्याला कळायचे नाही. सकाळचा एक तास दिला, स्वच्छ भिंत दिली. माझी मुलगी धुरात वाढली नाही, आणि याबद्दल मी त्या लाल टाकीला रोज मनातून नमस्कार करते. पण पुस्तकातल्या ऊर्जेच्या धड्यात मी हेही वाचले की, आपल्या देशातला अर्ध्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस परदेशातून येतो, त्यातला बहुतेक आखाती मुलखातून. जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत तयार झालेले तेल, ते एकदा संपले की संपले. तिकडे लढाई जुंपली की इकडे पेमदऱ्यात टाकीचा भाव वाढतो. भाव वाढला की दुसरी टाकी लांबते, आणि भिंतीवर पुन्हा गोवऱ्या दिसू लागतात. रस्त्याने जाताना मी आता भिंतींकडे पाहूनच टाकीचा भाव ओळखते.

आमच्या घरात सध्या तिन्ही काळ एकत्र नांदतात. चहा आणि भाजी गॅसवर, आंघोळीचे पाणी चुलीवर, भाकरी पाहुणे असतील तर चुलीवर. तीन जनावरे आहेत. शेणावरून माझा आणि सासूबाईंचा वाद रोजचा आहे. मी म्हणते सगळे उकिरड्यावर जावे. गांडूळखताचे दोन वाफेही केले आहेत. त्या म्हणतात, “बाहत्तर साल तू पाहिलं न्हाईस.” पावसाळ्यापूर्वी गोवऱ्यांचा उडवा रचून, वरून लिंपून ठेवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. मी हा लेख लिहीत आहे म्हटल्यावर त्यांनी विचारले, उडव्याबद्दल काय लिहिलेस? चूक आहे असे लिहिले नाही, असे मी सांगितले, आणि ते खरे आहे.

थंडीत रंगदासस्वामींची यात्रा भरते. मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजते, आणि भाकऱ्या घराघरांतून वाजतगाजत येतात. त्या दोन दिवसांत पठारावर जेवढे लाकूड जळते तेवढे एरवी महिन्यात जळत नसेल. पूर्वी मला त्यात फक्त आनंद दिसे. आता कढईखालचा ओंडका पाहिला की ही कुठल्या बांधावरची बाभूळ, असे मनात येते. म्हणून गेल्या यात्रेनंतर आमच्या आळीतल्या आम्ही काही जणींनी त्या घळीच्या कडेने बाभळीचे आणि हिवराचे बी टोकले. शेळ्यांनी बरेच खाल्ले. अकरा रोपे उभी आहेत. सासूबाई संध्याकाळी काठी टेकीत तिकडे जाऊन येतात आणि शेळ्यावाल्या पोरांना ओरडतात; आणि परत येताना वाटेत पडलेली रानशेणी पदरात घालून आणायला विसरत नाहीत.